रांगेतली फुकटची वकिली

डोंबिवली,
रविवार

प्रिय शोभा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बिघडलेल्या वॉशिंग मशीनसाठी कंपनीविरुद्ध वकील लावावा का, असं विचारलंयस. सांगते, पण आधी माझं गाऱ्हाणं ऐक, कारण घरात आता कुणी ऐकून घेत नाही.

आमचा फ्रिज ऐन मे महिन्यात बसला. फ्रीझरमध्ये वर्षाचा आमरस डबे भरून ठेवला होता, त्याचं काय झालं ते लिहवत नाही. दारावर अजून झोकात स्टिकर आहे, ‘१० वर्षं वॉरंटी’. ती नुसत्या कॉम्प्रेसरची, हे खाली भिंग घेऊन वाचावं लागतं. बाकी सगळ्याला एकच वर्ष. आणि आमचा गेला तो पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. दुकानातल्या मुलाने ‘दहा वर्षं बघायला नको’ म्हणून सांगितलं होतं, पण त्याचं बोलणं बिलावर थोडंच छापून येतं!

कस्टमर केअरला मराठीसाठी तीन दाबलं. ‘नमस्कार’ तेवढं मराठीत, पुढे सगळं हिंदी. मग एक पोरगा आला, मागचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, “काकू, ओटीपी सांगा.” तो दिला की काम झालं अशी नोंद होते. म्हटलं, अरे, फ्रिज कुठे सुरू झालाय? तर म्हणे पार्ट मागवतो, पण आजचा कॉल आजच बंद दाखवावा लागतो, नाहीतर माझे पैसे कापतात. मी काही ओटीपी दिला नाही. संध्याकाळी मेसेज आला : ‘ग्राहक घरी उपलब्ध नसल्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.’ अगं, त्याला मी चहा करून दिला होता!

पण खरं सांगू, त्याचा राग येईना. तो कंपनीचा नव्हेच, ठेकेदाराचा. ज्याने हा ओटीपीचा खेळ मांडला तो साहेब कुठल्या गावी बसतो, देव जाणे. आपल्यासमोर येतो तो हाच घामाघूम पोरगा, नाहीतर काउंटरवरची मुलगी.

काउंटरवरून आठवलं. महिन्याच्या सामानाला गेले होते. रांगेत एक गृहस्थ नुसती बास्केट ठेवून पसार, आणि आपला नंबर आला की तीन बिस्किटांचे पुडे छातीशी धरून धावत हजर. एक बाई द्राक्षं ‘चाखून’ बघत होत्या, चांगला अर्धा घोस चाखला असेल. हे चालायचंच. माझी पाळी आली तेव्हा मुलीने मोबाईल नंबर मागितला. म्हटलं, देणार नाही, बिल कर. नंबरासाठी अडून बसायचं नाही, असं २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने दुकानदारांना बजावलंय. ती बिचारी म्हणाली, मशीन पुढेच जात नाही. तेवढ्यात मागून आवाज, “काकू, द्या ना नंबर, आम्हाला घरी जायचंय!” दुसरा म्हणाला, “एवढं काय गुपित आहे?” बघ म्हणजे! कंपनीला वकील लावायची गरजच नाही, रांगेतली माणसं फुकट वकिली करतात. मी उभीच राहिले. शेवटी मॅनेजर आला, दहा वेळा शून्य दाबलं आणि बिल निघालं. म्हणजे मशीन जात होतंच की!

तेव्हा आईची आठवण आली. मुंबई ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना १९७५ ची, आई तिच्या संघात होती. डाळ-तांदूळ एकत्र यायचे आणि बायका मिळून वाटप करायच्या. भांडणं तिथेही व्हायची, गुळाच्या ढेपेवरून तर हमखास, पण ती तोंडावर आणि तेवढ्यापुरती. मालात खडे निघाले तर सगळ्या एका बाजूला. आता प्रत्येकजण आपापल्या ॲपमध्ये एकटा.

असो. आता तुझं. वकील नको. आधी १९१५ वर फोन कर, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोनवर बोलण्याआधी कंपनीला ईमेल मात्र लिहून ठेव, तोंडी बोललेलं उपयोगी पडत नाही. त्याने हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांचं कोर्टच. २०१९ च्या कायद्यानं तू राहतेस तिथेच, म्हणजे सांगलीतच, तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, म्हणून ‘बघू दिवाळीनंतर’ करू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

आणि बिल कपाटातून काढून आजच त्याचा फोटो काढ. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते. आमच्या फ्रिजच्या बिलावर आता दुकानाचं नाव तेवढं दिसतंय, बाकी कोरं. बँकेचं स्टेटमेंट जोडून मी हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, तिचा नंबरही मिळालाय. पुढे काय होतं ते कळवेन. तोवर शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये आमचं दही आहे, आणि त्यांचा मुलगा ते रोज थोडं थोडं संपवतोय.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मंगल