एसएमपीएसवाल्या दादांना, डोंबिवलीहून

दादा, स. न. वि. वि.

माझ्या फोनमध्ये तुमचा नंबर ‘एसएमपीएस दादा’ म्हणून सेव्ह आहे. बिलावर दुकानाचं नाव आहे, तुमचं नाही, आणि विचारू विचारू म्हणता राहूनच गेलं. ओळख पटावी म्हणून सांगते. जूनमधल्या त्या धो धो पावसाच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडवर दहावी झालेला मुलगा आणि भाजीच्या कापडी पिशवीत जळका एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा तो डबा, घेऊन आलेली बाई, ती मी.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तीन दुकानं फिरलो होतो. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर मुलाला मिळायचं. पैसे तेवढे माझ्याकडे मागितले असते. तिन्ही ठिकाणी पहिलं वाक्य एकच, ‘बजेट काय आहे?’ तुम्ही विचारलंत, “ताई, घरात अर्थिंग आहे का?”

मी म्हटलं, असणारच की, सगळे प्लग तीन पिनांचेच आहेत. त्यावर तुम्ही हसलात आणि म्हणालात, “भोकं तीन असतात हो. तिसऱ्याच्या मागे वायर आहे का, ते बघा घरी जाऊन.” मला तेव्हा ते आगाऊपणाचं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

मग पिशवीतून ती जुनी वस्तू काढली. तिची कहाणी तुम्ही अर्धीच ऐकलीत, कारण मध्येच गिऱ्हाईक आलं. आमचा आधीचा कॉम्प्युटर ज्या दुकानातून असेंबल करून घेतला होता, तिथे कॅबिनेटबरोबर एसएमपीएस ‘फ्री’ मिळाला होता. मेमधल्या एका दुपारी लाइट तीनदा गेली, तीनदा आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा टेबलाखालून फट् असा आवाज झाला. वास असा सुटला की मला वाटलं, शेजारी सुकट भाजतायत. एसएमपीएस गेला तो मदरबोर्डला सोबत घेऊन गेला. दुकानदाराने ‘लाइटचा प्रॉब्लेम’ म्हणून हात वर केले.

तुम्ही तो डबा नुसता तळहातावर घेतलात, दोनदा वर-खाली केलात आणि म्हणालात, “खोका आहे हो हा.” मुलगा स्क्रू काढायला लागला तेव्हा मात्र तुम्ही त्याचा हात धरलात. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठलेले असतात, प्लग काढला तरी ते लगेच उतरत नाहीत, म्हणून एसएमपीएस घरी उघडायचा नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. मी घरी सांगितलं असतं तर त्याने नक्की उघडला असता.

नंतर मोबाइलच्या टॉर्चने स्टिकर वाचलात. वर ठळक ‘४५० वॅट’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता. तुमचं बोट तक्त्यातल्या १२ व्होल्टच्या रकान्यावर, तिथे १६ अँपिअर. “ताई, सोळाला बारानं गुणा.” मी अकाउंट्समध्ये आहे, तोंडातून निघूनच गेलं, १९२. “मग हे साडेचारशे आले कुठून?”

दादा, बावीस वर्षं मी लोकांच्या खोट्या बिलांवर लाल पेन फिरवते आहे, आणि माझ्याच घरात असलं बिल पाच वर्षं टेबलाखाली होतं. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात. पाच आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी आजच्या मशीनला फार लागत नाहीत, तेव्हा तिथले वॅट मिळवून आकडा फुगवला तरी कामाचे ते १९२च. तुम्ही काउंटरवरचा दुसरा डबा फिरवून दाखवलात. त्यावर ५५० वॅट, आणि १२ व्होल्टला ४५ अँपिअर. गुणाकार ५४०. हे बिल बसतं.

मुलाच्या डोक्यात मात्र ८५० वॅटचा ‘गोल्ड’च होता, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा वरचा बिल्ला असलेला डबा. त्याने किती व्हिडिओ पाहिले होते कोण जाणे. तुम्ही त्याला नाही म्हटलं नाहीत, एका पुठ्ठ्याच्या मागे जमाखर्च मांडलात. प्रोसेसर रायझन ५ ५६००, डब्यावर ६५ वॅट लिहिलंय पण जोर लागला की जास्त घेतो, ८८ धरा. आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड, १३२. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. बेरीज २७०. “आता सांग, ८५० कशाला?” तो म्हणाला, सेफ्टी. तुम्ही म्हणालात, सेफ्टी वॅटमध्ये नसते रे, आतल्या मालात असते. आणि ५५०चं कारणही दिलंत: कार्ड क्षणभर, सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापुरतं, नेहमीपेक्षा खूपच जास्त खेचतं. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होताना जिन्यातला दिवा मिचमिचतो, तसंच ते. म्हणूनच २०२२मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात, मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसला पाहिजे अशी अट घातली, हेही तुम्हीच सांगितलंत. मुलाला ते माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गोल्ड आणि त्याच्या खालचा बिल्ला ब्राँझ, यांचा हिशेब मी परतताना ट्रेनमध्ये केला. ग्रँट रोडहून दादर, तिथे गाडी बदलून डोंबिवली, वेळ भरपूर होता. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत, अर्ध्या भाराला ब्राँझची कार्यक्षमता निदान ८५ टक्के लागते आणि गोल्डची ९०. आमच्या २७० वॅटना ब्राँझ भिंतीतून साधारण ३१८ घेणार, गोल्ड ३००. फरक १८ वॅट. कार्टं रोज तीन तास खेळलं (खेळू देणार नाही, पण धरू), तर वर्षाला २० युनिट. युनिटला दहा रुपये लावले तरी दोनशे. ८५०चा गोल्ड तर किमतीला जवळजवळ दुप्पट होता! शिवाय तो बिल्ला फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, शॉर्ट झालं किंवा व्होल्टेज चढलं तर डबा स्वतःहून बंद होईल की नाही ते सांगत नाही, हे तुम्ही सांगितलंत. ते संरक्षण आहे का ते वेगळं बघायचं, आणि वॉरंटी किती वर्षांची ते बघायचं. आमच्या डब्याला पाच वर्षं आहेत. त्या ‘फ्री’वाल्याला शून्य होती.

तुम्ही आमच्याकडून कमी पैसे घेतलेत, दादा. हे लिहिताना मला अजूनही चमत्कारिक वाटतं.

बाकी पार्ट पटापट झाले. बी५५० मदरबोर्ड घ्या म्हणालात, कारण जुन्या बी४५०च्या बायोसला, म्हणजे बोर्डातच भरलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, हा प्रोसेसर ओळखता येईलच असं नाही. रॅम १६ची एक न घेता आठच्या दोन. कॅबिनेट रंगीत दिव्यांचं नको, पुढून जाळी असलेलं. या शेवटच्यावर माय-लेकांचं भांडण झालं, ते तुमच्यासमोरच झालं, त्याबद्दल क्षमस्व. जाळी माझी, दिवे त्याचे, असा तह झाला.

त्याच रात्री साडेनऊला मी तुम्हाला फोन केला. मुलाने तास-दीड तास बसून सगळं जोडलं होतं, पंखे फिरत होते, दिवे नाचत होते आणि मॉनिटर काळा. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तुम्ही गाडीत होतात, मागे ‘अगला स्टेशन’ ऐकू येत होतं. तरी फोन उचललात आणि एकच विचारलंत, “मॉनिटरची वायर कुठे लावलीय? वर की खाली?” वर, बोर्डाला. “खाली घ्या, कार्डाला. या प्रोसेसरला स्वतःचं डिस्प्ले नाहीच.” मिनिटभरात चित्र आलं. तुम्ही “बरं, ठेवतो” म्हणालात आणि आमच्या आनंदात मी थँक्यू म्हणायच्या आत फोन बंद.

त्यानंतर अर्ध्या तासाने मुलगा आंघोळ करून ओल्या पायांनी खुर्चीत बसला आणि ओरडला, “आई, कॅबिनेट चावतंय!” मी हात लावून पाहिला. झिणझिण. मग तुमचं तिसरं भोक आठवलं.

दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला. त्याने होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख. फेज आणि वरच्या मोठ्या भोकात धरला, काहीच नाही. बोर्ड उघडला तर हिरवी वायर भिंतीतून आलेली, पण खाली मीटरच्या खोलीत तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. इमारतीच्या अर्थिंगचा खड्डा आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा त्यांच्याखाली गाडला गेला होता. नंतर पुन्हा फोनवर तुम्ही मला नीट समजावलंत ते असं: एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही डब्याच्या पत्र्याला. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा चिमूटभर करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३०च्या अर्ध्यावर, ११५च्या आसपास, लोंबकळत राहतो आणि ओल्या पायांच्या माणसाची वाट बघतो. म्हणजे चावत होता तो नवा, चांगला डबा नव्हे, आमची भिंत चावत होती. वर तुम्ही म्हणालात, आत खरंच काही तुटून फेज पत्र्याला लागली ना, तर झिणझिण्यांवर भागणार नाही. वायरमनचं काम होईपर्यंत तुम्ही कॉम्प्युटर बंद ठेवायला लावलात. मुलाने आठ दिवस माझ्याशी अबोला धरला, तुमच्याशी नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या मुलाच्या गेमसाठी सोसायटीने का खड्डा खणायचा? तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आमचं वॉशिंग मशीनपण मुंग्या आणतं, मला वाटलं वय झालं. मग तिसऱ्या मजल्यावरचा फ्रिज निघाला, तळमजल्यावरचा गीझर निघाला. ठराव एकमताने. आता जिन्याच्या मागे नवा खड्डा आहे, तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ, सगळं रीतसर, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायची पाळी लावली आहे. काकू तुम्हाला ‘ते मुंग्यावाले’ म्हणतात. त्यांचेही आभार यात धरा.

एक गोष्ट तुम्हाला माहीतच नाही, आणि खरं तर हे पत्र तिच्यामुळे लिहायला घेतलं. गणपतीच्या सुट्टीत मुलाला जुनी हार्ड डिस्क जोडायची होती. तिच्यात त्याचं बारसं आहे, आणि माझ्या वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो. दुसरीकडे कुठेच ठेवलेले नव्हते, हा माझा गाढवपणा. जास्तीच्या वायरींची पिशवी माळ्यावर, शिडी कोण लावणार, म्हणून त्याच्या मित्राने स्वतःच्या एसएमपीएसची वायर आणून दिली. सारखीच दिसणारी. खोबणीत बसणारी. मुलगा ती लावायला वाकला आणि थांबला. डब्याच्या खोबण्यांच्या वर तुम्ही चिकटवलेली कागदी पट्टी, त्यावर तुमच्या मार्करने: ‘फक्त ह्याच डब्यातली वायर. दुसरी नाही. विचारा.’

त्याने विचारलं. तुम्हाला नाही, इंटरनेटला, पण विचारलं. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कोणती तार कुठे हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले असते तर डिस्क तिथेच जळाली असती. मी त्या वेळी स्वयंपाकघरात मोदकांची उकड काढत होते. तो येऊन नुसता उभा राहिला आणि म्हणाला, “आई, शिडी दे.” पुढचं सगळं मला नंतर कळलं.

ती पट्टी तुम्ही चिकटवत होतात तेव्हा मी घड्याळ बघत होते, गाडी चुकेल म्हणून. “होईल हो दादा, राहू द्या,” असंही म्हणाले होते. तुम्ही मान वर न करता लिहीत राहिलात.

आता फोटो तीन ठिकाणी आहेत. यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा डबा, पुरणार नाही म्हणाला होतात, तसंच झालं. घरचा जुना ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा. गेम चालू असताना मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला, तर एकदा किंचाळला आणि सगळं बंद. तेव्हा मोठा, शुद्ध साइन वेव्हवाला, म्हणजे भिंतीतल्यासारखीच वीज देणारा, घ्यायला दिवाळीच्या आधी एका शनिवारी येतोय. माझी भाजीची पिशवी तुमच्या काउंटरखाली राहिली आहे, निळ्या काठाची. असली तर काढून ठेवा.

आपली,
डोंबिवलीची ताई