बुसाचं वजन आणि गुळाचा काटा

कोल्हापूर, १४ सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. नाशकात सुझुकीची जुनी हायाबुसा, आपली बुसा, घेतलीस आणि आठवड्यातच गल्लीच्या उतारावर आडवी केलीस, हे वाचून आधी हसलो, मग पाय शाबूत आहे ना म्हणून पुढची ओळ शोधली. "हिचं वजन कसं कमी करू?" असं विचारतोस. तीन वर्षं तेच करतोय मर्दा, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वजन कर. कागदावरचा आकडा धरू नकोस. पहिली हायाबुसा १९९९ साली आली तेव्हा २१५ किलो सांगायचे, पण ते 'ड्राय': पेट्रोल, ऑइल, कूलंट काही न धरता. आपली १३४० सीसीची दुसरी पिढी भरल्या टाकीनं २६० च्या घरात. मी माझी मार्केट यार्डात एका गूळ अडत्याच्या काट्यावर नेली. अख्खी गाडी काट्यावर मावत नाही. पुढचं चाक काट्यावर आणि मागचं तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर, मग उलट. फळ्या कमी पडल्या तर एका चाकाकडे भार सरकतो आणि आकडा खोटा येतो. पुढं १३३, मागं १३८. म्हणजे २७१! हमाल म्हणाला, "गुळाच्या नऊ रव्यांएवढी, म्हणजे ढेपांएवढी, भरली की ओ."

वरचे दहा-अकरा किलो आले कुठून? आधीच्या मालकानं लावलेले. जाड पाइपाचा क्रॅशगार्ड, मागं पेटी ठेवायची लोखंडी पाटी, दोन भोंगे, बंद पडलेला अलार्म आणि त्याच्या वायरींचा गुंता. एका रविवारी सगळं काढलं, दहा किलो गेले. पैसा एक लागला नाही. तुझ्या गाडीलाही असलं काय काय लटकलेलं असणारच.

मग बॅटरी. मूळची लेड-ॲसिड चार किलोची, लिथियमची एक किलोची. पण ती घ्यायच्या आधी इंजिन पाच हजारांवर धरून बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोज. चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेक्टिफायर म्हातारा होऊन १५ च्या वर जात असेल, तर नवी बॅटरी चार महिन्यांत फुगेल. आणि लडाखला जायचं असेल तर जुनीच राहू दे. कडाक्याच्या थंडीत लिथियम सकाळी उठायला कुरकुरते.

सायलेन्सरचा मोह सगळ्यात मोठा. खालून जोडी काढून तोलली तर तेरा किलो निघाली. हातात धरून अर्धा तास बसलो होतो, खोटं नाही सांगत. पण मूळ रचनेत फेरफार म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि असले सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडल्याचे फोटो तूही पाहिलेत. शिवाय समोरच्या घरात तान्हं बाळ. गुपचूप परत बसवले.

आता माझा गाढवपणा. हलके बोल्ट म्हणून ॲल्युमिनियमचे रंगीत बोल्ट मागवले. फेअरिंगला, म्हणजे बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला, लावले, काही बिघडलं नाही. हाव सुटली, म्हणून पायदानाच्या ब्रॅकेटलाही लावायला गेलो. लोखंडी बोल्ट तुटायच्या आधी हाताला सांगतो, पाना मऊ लागतो. हा काही बोललाच नाही. कट्ट! डोकं माझ्या हातात, बाकीचा आत. उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांनी उलट्या फिरण्याचं ड्रिल लावून तो काढला, आटे वाचले. पैसे घेताना विचारलं, "किती ग्रॅम वाचले?" मी गप्प. ब्रेक, ॲक्सल, पायदान: इथे मूळचाच बोल्ट, बाळ्या. तिथे हात लावायचा नाही.

चेनकडे मागचा ४३ दात्यांचा स्प्रॉकेट ॲल्युमिनियमचा घातला, अर्धा किलो उतरला. लवकर झिजतो, पुढच्या वेळी लोखंडी घालणार.

चाकांचं मात्र नीट सांगतो. सायकलचं चाक आठवतंय? पेठेतल्या दुकानात तू एक्सल दोन्ही हातांनी धरायचास, मी जोरात फिरवायचो, आणि तू ते वाकवायला गेलास की चाक हात ओढायचं. बुसाचं मागचं १९० चं टायर दीडशेच्या वेगात तेच करतं. चाकातला एक किलो टाकीखालच्या किलोपेक्षा जड, कारण तो फिरतोही आणि खड्ड्यात वरखालीही होतो. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेली हलकी चाकं मिळतात, पण किंमत ऐकून मी पाणी प्यालो. आणि आपले खड्डे!

खरं सांगू? तीन वर्षांत २७१ चे २५७ झाले. चौदा किलो, म्हणजे अठरा-एकोणीस लिटर पेट्रोलाचं वजन. आपली टाकी २१ ची. गल्लीत फिरायला टाकी अर्धी ठेवलीस की आठेक किलो फुकटात गेले, तेही वरच्या वर, जिथं गाडी कलताना सगळ्यात जास्त जाणवतात. कंपनीनं २०२१ ला नवी काढली तेव्हा सगळी हत्यारं वापरून दोनेक किलोच उतरवले. होंडाच्या तादाओ बाबा या इंजिनिअरनं १९९२ ला फायरब्लेड ही बाइक १८५ किलोत (तेही ड्रायच) बसवली, पण ती पहिल्या रेघेपासून हलकी आखलेली. बनलेली गाडी सोलून तशी होत नाही.

म्हणून पैसे काढायच्या आधी हवा बघ. बुसाला दोन्ही टायरात ४२ लागते. पंपावरचा पोरगा घाबरून ३२ वर थांबतो, आणि गाडी वळायला रेड्यासारखी होते. मग पुढचं चाक उचलून हँडल अलगद सोड. मध्ये अडकलं, तर कोनसेट (हँडल फिरवणारे बेअरिंग) गेलाय. माझा गेला होता. नवा घालून गगनबावड्याहून करूळ घाट उतरलो, तेव्हा वाटलं पन्नास किलो गेले. काट्यावर अर्थात शून्य फरक.

मागचं पायदान मात्र काढू नकोस. मी काढलं होतं. वहिनीनं काही न बोलता रिक्षा केली आणि जोतिबाला जाऊन आली.

दिवाळीच्या आधी गाडी घेऊन ये, आपण तोलू. पाडव्याला गुळाचे सौदे निघाले की तो काटा मोकळा मिळत नाही. येताना फळ्या आणायला नकोत, हमालानं माझ्या मापाच्या राखून ठेवल्यात. काकूंना नमस्कार सांग, आणि गाडी पडल्याचं त्यांना अजून सांगितलं नसशील तर मीही सांगणार नाही.

तुझा,
दिग्या