केप मेच्या मामांना

तीर्थरूप मामा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आई तुमच्याविषयी बोलताना 'ते दादा' म्हणते, म्हणजे नात्याने तुम्ही माझे मामाच झालात. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की दोन ओळींत थँक्यू म्हणून संपतं. महिना उलटला, तरी त्या दुपारबद्दल कुणाला सांगताना अजून घसा दाटून येतो.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे हा महामार्ग पार संपेपर्यंत गाडी चालवत, समुद्रकाठच्या तुमच्या केप मे गावी आम्ही आलो ते आईसाठी. ती वेंगुर्ल्याची. समुद्राचं तिला अप्रूप नाही. पण फोटोत पाहिलेली ती रंगीत, नक्षीदार घरं तिला डोळ्यांनी बघायची होती. "खाऱ्या वाऱ्यात लाकूड इतकी वर्षं टिकलं कसं?" हे ती गाडीत चारदा म्हणाली असेल.

जिथे उतरणार होतो तिथे खोली दुपारी तीन वाजल्याशिवाय मिळणार नव्हती. ते ठीक आहे, नियम असतात. पण पडवीत एवढ्या खुर्च्या रिकाम्या असताना, गुडघा धरून उभ्या असलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला "गाडीत बसून थांबा" म्हणून सांगणं हा कुठला नियम? पैसे मात्र आधीच पूर्ण घेतले होते. मी भांडायला लागले तर आईच म्हणाली, "ऱ्हवांदे गो, चल." परमुलखात आपल्यामुळे लेकीला त्रास नको, म्हणून तिने मान खाली घातली. ते मी विसरणार नाही.

दोन गल्ल्या चाललो आणि तिचा गुडघा अडला. तुमच्या कुंपणाला धरून ती उभी राहिली, तेवढ्यात तुम्ही वरून हाक मारलीत. कोण, कुठले, काहीच विचारलं नाहीत. स्वतःची डुलती खुर्ची तिला दिलीत आणि पाणी आणायला काठी टेकत आत गेलात.

मग तिचा प्रश्न मी तुम्हाला सांगितला आणि तुमचा चेहरा उजळला. १८७८ च्या नोव्हेंबरात मोठी आग लागली, समुद्राकडचा सुमारे पस्तीस एकरांचा भाग जळून गेला, आणि आज दिसणारी बरीच घरं त्यानंतर उभी राहिली, हे तुम्ही काल घडल्यासारखं सांगितलंत. छपराखालची ती लाकडी झालर वाफेवर चालणाऱ्या करवतींमुळे स्वस्त झाली, म्हणून लोकांनी ती हौसेने घरोघर लावली. टिकली कशी, तर माणसांनी टिकवली म्हणून. १८७९ चं फिझिक यांचं घर १९७० च्या सुमारास पाडायलाच निघाले होते, गावकरी आडवे आले. १९७६ मध्ये अख्खं गावच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं. आणि रंग! खारा वारा रंग खातो, पुन्हा खरवडायचं, पुन्हा लावायचं. आई लगेच म्हणाली, आमच्याकडे पावसाआधी पडवीला झापं बांधतात, नाहीतर झडीने भिंती जातात. मी भाषांतर केलं. माडाच्या झावळ्या कशा विणतात ते तुम्ही तिला हाताने करून दाखवायला लावलंत. सकाळी जिला कुणी टेकूही दिलं नव्हतं, ती तुमच्या पडवीत बसून तुम्हाला शिकवत होती.

पण मला लिहायचं आहे ते वेगळंच. पडवीत चढताना सवयीने आईने चपला खालच्या पायरीवर काढल्या होत्या. तुम्ही ते पाहिलंत. थोड्या वेळाने फाटक लावायच्या निमित्ताने खाली उतरलात. पायरीवर ऊन आलं होतं. तुम्ही कठड्याला धरून वाकलात, एकेक चप्पल उचललीत आणि सावलीत ठेवलीत, तोंडं रस्त्याकडे करून, म्हणजे निघताना तिला वळावं लागणार नाही. आईपेक्षा मोठे असाल तुम्ही वयाने. वाकताना तुम्हालाही दुखलं, ते मला दिसलं. वर येऊन त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत.

आमच्यात वडीलधाऱ्याने आपल्या चपलेला हात लावला तर जीव कासावीस होतो. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला फक्त एवढं सुचलं की म्हातारीचे पाय भाजतील. हे सुचायला कुठली भाषा लागते, कुठला धर्म लागतो? माणूस दिसावा लागतो समोर, बस. सकाळच्या त्या काउंटरवर त्यांना आरक्षण दिसत होतं, आई दिसतच नव्हती.

आईला मी हे गाडीत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "आणि मी नुसता हात हलवून आले!"

तेव्हा कळवायचं ते असं: गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आई काठीशिवाय चालते. दीपगृहाच्या १९९ पायऱ्या काही ती चढणार नाही, पण तुमच्या पाच पायऱ्या नक्की चढेल. तुमच्यासाठी आमसुलं आणली आहेत तिने गावाहून, डबा अजून उघडू देत नाही. घर क्रमांक मला आठवत नाही, पण समुद्री हिरवा रंग आणि छताला फिकट निळा, एवढं पक्कं लक्षात आहे. ऑक्टोबरात, ऊन उतरलं की येतो.

तुमची भाची