परदेशी तळांवरील आपल्या कामगारांना त्यांचे हक्क मराठीत सांगा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यातून आखातात जाणाऱ्या तरुणांविषयी वर्तमानपत्रांत अधूनमधून लिहून येते. परंतु त्यांच्यापैकी जे लोक परदेशी सैन्याच्या तळांवर स्वयंपाक, धुलाई, सफाई आणि गोदामाची कामे करतात, त्यांच्याविषयी माझ्या वाचनात फारसे काही आलेले नाही. मी स्वतः आधी अफगाणिस्तानातील बगराम येथे आणि पुढे कुवैतमधील एका अमेरिकी तळावर लॉन्ड्रीत काम केले आहे. या कामाबरोबर कामगाराला काही कायदेशीर हक्क मिळतात, पण ते हक्क त्याला आणि त्याच्या घरच्यांना समजेल अशा भाषेत कोणीही सांगत नाही, हे निदर्शनास आणण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकी लष्कर तळ चालवण्याची बहुतेक कामे खासगी कंपन्यांकडे सोपवते. १९९२ पासून यासाठी 'लॉगकॅप' नावाची मोठमोठी कंत्राटे दिली जात आहेत. मुख्य कंत्राट अमेरिकी कंपनीचे, तिच्या हाताखाली आखातातील पोटकंत्राटदार, त्याच्या खाली मुंबईची एजन्सी आणि सगळ्यांत खाली आपल्या गावात चहाच्या टपरीवर भेटणारा, 'कॅम्पची नोकरी आहे, राहणे-जेवण फुकट' असे सांगणारा माणूस, अशी ही साखळी असते. अफगाणिस्तानात काही वर्षे तर सैनिकांपेक्षा कंत्राटी कामगारच अधिक होते. तरीही टपरीवर बोलणी करणाऱ्या मुलाला आपण नेमके कोणाचे नोकर होणार आहोत, हे ठाऊक नसते. पुढे काही विपरीत घडले, तर दाद कोणाकडे मागायची हेही मग त्याला कळत नाही.

तेथील दिवस कसा जातो, हे वाचकांना कळावे म्हणून थोडे सांगतो. सैनिक कपड्यांची पिशवी घेऊन काउंटरवर येतो, आम्ही त्याच्यासमोर एकेक नग मोजतो, पावतीवर शर्ट, पँट, मोजे, टॉवेल यांचे आकडे लिहितो आणि त्याची सही घेतो. प्रत्येक खिसा उलटा करून पाहावा लागतो, कारण पेन, नाणी, क्वचित जिवंत काडतूसही निघते आणि ते तसेच ड्रायरमध्ये गेले तर अनर्थ होईल. पावतीपेक्षा एक मोजा कमी भरला तरी तक्रार येते, म्हणून रात्रपाळीला मोज्यांच्या जोड्या लावत बसणे हेच सर्वांत वेळखाऊ काम असे. बारा तास ड्यूटी, आठवड्याचे सातही दिवस. बगरामची धूळ पिठासारखी बारीक. ती नाकात, भातात, पांघरुणात सगळीकडे जाई. हिवाळ्यात समोर हिंदुकुशचे बर्फाळ डोंगर दिसत आणि ओले कपडे हाताळून बोटांना भेगा पडत. मध्येच भोंगा वाजला की हातातले काम टाकून काँक्रीटच्या बंकरमध्ये पळायचे, जमिनीवर पालथे पडायचे आणि धोका टळल्याची घोषणा झाली की पुन्हा त्याच मशिनपाशी यायचे. उशीर झाला म्हणून कपडे परत देण्याची वेळ काही पुढे सरकत नसे.

आमच्याबरोबर नेपाळी, फिलिपिनो, केनियन माणसे होती. गळ्याच्या ओळखपत्रावरून कोण कोठे जाऊ शकतो आणि कोणत्या मेसमध्ये जेवू शकतो, हे ठरत असे. खानापूर तालुक्यातील एक माळकरी गृहस्थ सैनिकांच्या भोजनगृहात होते. गोमांस आणि डुकराच्या मांसाचे ट्रे हाताळावे लागू नयेत म्हणून त्यांनी एका नेपाळी सहकाऱ्याशी बोलून कायमची भांडी घासण्याची पाळी मागून घेतली होती. वाफेच्या त्या खोलीत उभे राहून ते आषाढी एकादशीचा उपवास खजूर आणि चहावर करीत. असे किती तरी लोक तेथे इमानाने राबले. त्यांच्या कष्टाला कमीपणा नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण गावी परतल्यावर 'काय, गोऱ्यांची धुणी धुवायला गेला होतास ना' असे बोल मी पुष्कळदा ऐकले आहेत.

आपला जिल्हा सैनिकांचा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि त्यामुळे जवानाला काही झाले तर पुढे काय होते, हे येथील घराघरांत माहीत असते. रेकॉर्ड ऑफिसचे पत्र येते, पेन्शनची कागदपत्रे होतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करता येते. तळावरच्या नागरी कामगाराच्या मागे यांपैकी काहीही नसते. त्याच्या घरी येतो तो एजंटचा फोन, आणि पुष्कळदा तोही येत नाही. ही उपेक्षा जुनी आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणींबरोबर खेचरवाले, स्वयंपाकी, भिस्ती आणि हमालही गेले होते. भारतीय, आफ्रिकी व इतर वसाहतींतील मृतांपैकी एक लाखाहून अधिक जणांच्या नावाची नोंद स्मारकांवर झालीच नाही, असे कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात मान्य केले. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली, तेव्हाही बातम्यांत चर्चा होती ती विमानांची आणि सैनिकांची.

वास्तविक नागरी कामगारासाठी कायदा आहे, आणि तो १९४१ पासून आहे. त्याचे नाव 'डिफेन्स बेस अॅक्ट'. अमेरिकेच्या परदेशातील लष्करी तळांवर कंत्राटी काम करणाऱ्या कामगारांना तो लागू होतो, मग कामगार कोणत्याही देशाचा असो आणि त्याचा मालक कितव्याही पायरीवरचा पोटकंत्राटदार असो. कामामुळे दुखापत झाली तर उपचाराचा खर्च आणि काम करता येत नाही तोवर सरासरी साप्ताहिक वेतनाच्या दोन-तृतीयांश इतकी रक्कम विमा कंपनीने द्यायची असते. मृत्यू झाल्यास विधवेला निम्मे वेतन आणि मुले असल्यास एकूण दोन-तृतीयांशापर्यंत भरपाई मिळते. दुखापतीची लेखी सूचना ३० दिवसांत आणि दावा एका वर्षात दाखल व्हावा लागतो. कामामुळे हळूहळू जडलेल्या आजाराच्या बाबतीत, आजार त्या कामामुळे झाल्याचे कळल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सूचनेचा अर्ज 'एलएस-२०१', कामगाराच्या दाव्याचा 'एलएस-२०३' आणि मृत्यूच्या दाव्याचा 'एलएस-२६२' या क्रमांकाने ओळखला जातो. हे अर्ज अमेरिकेच्या श्रम खात्याकडे जातात. वकिलाला मंजुरीशिवाय कामगाराकडून फी घेता येत नाही, म्हणून 'आधी पैसे भरा, मग केस लावतो' असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

आजाराच्या मुदतीचा उल्लेख मी मुद्दाम केला. इराक आणि अफगाणिस्तानातील अनेक तळांवर प्लास्टिक, बॅटऱ्या, औषधे, उरलेले अन्न असे सगळे उघड्या खड्ड्यांत जाळले जाई आणि त्या धुरात आपल्यासारखेच लोक काम करीत. अमेरिकेने २०२२ मध्ये 'पॅक्ट अॅक्ट' करून तेथील माजी सैनिकांच्या अशा आजारांची जबाबदारी घेतली, पण कंत्राटी कामगार त्या कायद्यात येत नाहीत. त्यांना १९४१ चाच कायदा. हुक्केरीकडचा माझा एक सहकारी त्या खड्ड्यावर होता. आज त्याला एक जिना चढताना मध्ये थांबावे लागते आणि डॉक्टरांनी विचारल्यावर तो फक्त 'परदेशात होतो' एवढेच सांगतो. डॉक्टरांच्या कागदावर धुराचा उल्लेख आला नाही, तर पुढचा दावा उभा राहणेच कठीण आहे.

नोकरी लावण्याच्या पैशांविषयीही नियम स्पष्ट आहेत. अमेरिकी सरकारच्या कंत्राटांत कामगाराकडून भरतीचे शुल्क घेण्यास आणि त्याचा पासपोर्ट काढून घेण्यास मनाई आहे. वेतन, कामाची जागा, राहण्याची सोय आणि कामातील धोका यांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. २०१२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर हे नियम २०१५ पासून अधिक कडक झाले. आपल्याकडे १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा जास्त घेता येत नाही. प्रत्यक्षात मात्र पतसंस्थेचे कर्ज, बायकोचे गंठण आणि काजूच्या बागेचा पुढचा हंगाम असे सारे गहाण पडते. मला गावात जो पगार सांगितला गेला होता, त्याहून कमी पगाराचा इंग्रजी करार दुबईत पोहोचल्यावर, परतीचे दार बंद झाल्यावर, समोर ठेवण्यात आला आणि पासपोर्ट 'सुरक्षित राहावा' म्हणून कंपनीने ठेवून घेतला. डोक्यावर कर्ज असलेला माणूस अशा वेळी सही करतो.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी परवानगी घेण्याची अट असते. ती टाळण्यासाठी एजंट व्हिजिट व्हिसावर दुबईला नेतो आणि तेथून पुढे पाठवतो. या आडवाटेने गेलेल्या मुलाची नोंद सरकारच्या 'ई-मायग्रेट' प्रणालीत होत नाही आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाखांचे अपघाती संरक्षणही त्याच्या हातून जाते. त्या विम्याचा दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे. एवढ्या रकमेचे संरक्षण न घेता मुलगा युद्धभूमीवर जातो, हे मला फार लागते.

केरळने १९९६ मध्येच परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले. आपल्या सीमाभागातील माणसाची अडचण दुहेरी आहे. एजन्सी मुंबईत, सरकारी कचेऱ्या कन्नडमध्ये, करार इंग्रजीत आणि घरी वाट पाहणाऱ्या आईला वाचता येते ते मराठी. ही मागणी कृपया भाषावादाच्या चौकटीत पाहू नये. कन्नड, उर्दू वाचणाऱ्या कामगारांनाही ही माहिती त्यांच्या भाषेत मिळायलाच हवी. वर सांगितलेल्या गोष्टींचे दोन पानांचे पत्रक पासपोर्टचा अर्ज घेतला जातो तेथे, ग्रामपंचायतींत आणि बँकांच्या शाखांत ठेवणे जिल्हा प्रशासनाला अवघड नाही. सैनिक कल्याण कार्यालयातील अनुभवी मंडळींनी आठवड्यातून एक दिवस अशा कुटुंबांची कागदपत्रे पाहून दिली, तर फार मोठे काम होईल, कारण आपले अनेक माजी सैनिकच पहारेकरी आणि चालक म्हणून तिकडे जातात. आपल्या दैनिकानेही परदेशी नोकरीची जाहिरात छापताना एजंटचा नोंदणी क्रमांक छापण्याची अट घालावी, ही नम्र विनंती.

जे परत आले आहेत, त्यांनी आपले ओळखपत्र, कराराची प्रत, पगाराच्या पावत्या आणि तळावरील दवाखान्याचा एखादा कागद असेल तर तोही जपून ठेवावा आणि घरच्यांना तो कोठे ठेवला आहे हे सांगून ठेवावे.

आपला विश्वासू,
परदेशी तळावरील एक माजी कामगार
ता. खानापूर, जि. बेळगाव