हजेरीपटावरचे शेजारी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजात नवीन काय, असे तू विचारले आहेस. तासिका, प्रात्यक्षिके आणि जर्नलवर सही मिळवण्यासाठीची रांग यांतच दिवस सरतो. पण या ठरावीक क्रमातही मध्येच काही गमती घडतात आणि त्या तुला कळवल्यावाचून राहवत नाही.

परवा संख्याशास्त्राच्या सरांनी विचारले की, या वर्गात कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? वर्षाचे दिवस ३६५ आणि आम्ही ६० जण, तेव्हा फार तर सहात एक, असे बहुतेकांचे उत्तर होते. सरांनी फळ्यावर मांडून दाखवले की, येथे माणसे मोजायची नसून जोड्या मोजायच्या आहेत. ६० जणांच्या १७७० जोड्या होतात आणि म्हणून ही शक्यता ९९ टक्क्यांच्याही वर जाते. ती निम्म्याहून अधिक व्हायला तर अवघी २३ माणसे पुरतात. गणित पटले, तरी मन मानेना, म्हणून हजेरीच्या क्रमाने प्रत्येकाने उठून आपली तारीख सांगितली. जुळली ती माझ्या प्रात्यक्षिकातील जोडीदाराची आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीची. एरवी एकमेकांशी चकार शब्द न बोलणारे हे दोघे आता एकमेकांची जर्नले उतरवून घेतात. (वर्गाने याचे काय काय अर्थ लावले आहेत, ते भेटीअंती सांगेन.)

हा जोडीदार तरी मी कुठे निवडला होता? आडनावांच्या वर्णानुक्रमाने तो माझ्या वाट्याला आला, आणि आज त्याच्यावाचून माझे पान हलत नाही.

ग्रंथालयातही असेच घडते. तेथील पुस्तके, प्रत्येक विषयाला क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाने लावलेली असल्यामुळे संख्याशास्त्राच्या ५१९.५ नंतर थोड्याच अंतरावर ५२० म्हणजे खगोलशास्त्र सुरू होते. संभाव्यतेचे पुस्तक शोधताना हात नेमका तिकडे गेला आणि ताऱ्यांवरचे एक जुने पुस्तक मी उभ्या उभ्याच वाचू लागलो. त्यात कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, ‘हे परीक्षेला येत नाही, तरी वाच.’ ग्रंथपालांच्या नियमात हे बसणारे नाही, पण मला ते खोडवले नाही.

तुमच्या वर्गाचा पट किती आहे, ते कळव. साठाच्या आसपास असेल तर तारखा विचारून पाहा; एकही जोडी निघाली नाही, तर तू म्हणशील ती पैज मी हरलो.

तुझा मित्र