काड गाडा म्हणताना युरिया आणि ओलाव्याचेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकांचे अवशेष जाळू नका, जमिनीत गाडा, असे आवाहन दर हंगामात छापून येते. ते योग्यच आहे. जाळल्याने काडातले जवळजवळ सगळे नत्र उडून जाते. पण काड केव्हा गाडायचे, किती ओलीवर आणि सोबत खत किती, हे त्यात नसते. जाळणे टाळून जे साधले, ते इथे हातचे जाऊ शकते. कारण ओलसर मातीत शिल्लक नत्र असले, की जिवाणू त्याचा नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापवणारा वायू करतात.

शंभर वर्षांच्या हिशेबाने १ किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या ढोबळ गुणांकानुसार जमिनीला दिलेल्या नत्रापैकी १ टक्का या वायूच्या रूपात जाते. १०० किलो नत्र, म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया दिला, तर १.५७ किलो नायट्रस ऑक्साइड. परिणाम सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. ही सरासरी झाली. ओल आणि शिल्लक नत्र एकत्र आले की आकडा बराच वर जातो.

गव्हाच्या काडात कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर ८०:१ च्या आसपास असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५:१ चालते. कमी पडणारे नत्र ते मातीतून उचलतात, टनामागे अंदाजे ८ ते १० किलो. रोपे पिवळी पडतात आणि शेतकरी युरियाचा जादा हप्ता टाकतो. घोटाळा होतो तो इथे. काही आठवड्यांनी जिवाणूंनी अडवलेले नत्र मोकळे होते, वर तो जादा हप्ता असतोच, आणि पिकाला न लागणारे नत्र मातीत पडून राहते. म्हणून काड पेरणीआधी तीन-चार आठवडे गाडावे. सोबत द्यायचे नत्र पिकाच्या एकूण शिफारशीत मोजलेल्या मात्रेतूनच घ्यावे आणि पुढच्या हप्त्यातून तेवढे वजा करावे. शेणखत दिले असेल तर त्यातले नत्रही याच हिशेबात धरायचे.

कडधान्यांचा हिरवा पाला किंवा कोबी-फ्लॉवरची पाने यांचे गणित उलटे. गुणोत्तर २० च्या आत, त्यामुळे युरियाची गरजच नाही. ती झपाट्याने कुजतात, नायट्रेट (नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप) मोकळे होते, आणि पुढचे पीक उभे नसताना जोराचा पाऊस आला तर नायट्रस ऑक्साइडचा लोट उठतो. असा पाला वाळल्या काडात मिसळून गाडावा आणि पुढची पेरणी लांबवू नये.

गाडलेल्या पानाचा तुकडा आजूबाजूच्या बारीक पोकळ्यांतले पाणी शोषून घेतो. भोवतालची माती वाफशावर (बेताच्या ओलीची) असली, तरी तो स्वतः चिंब असतो. कुजताना प्राणवायू संपतो आणि नायट्रेटवर जगणारे जिवाणू तिथेच कामाला लागून नायट्रस ऑक्साइड बनवतात. मातीतल्या पोकळ्या ६० टक्क्यांहून अधिक पाण्याने भरल्या की हे सगळ्या रानात होऊ लागते. मूठभर माती दाबून गोळा करावा. तो खाली टाकल्यावर फुटला नाही, तर त्या दिवशी ना रोटाव्हेटर घालावा, ना युरिया टाकावा.

युरिया जमिनीवर विस्कटून ठेवणेही घातक. काडाच्या थरावर पडलेल्या युरियाचा अमोनिया लवकर होऊन उडतो, दुसरीकडे पडतो आणि त्यातूनही पुढे नायट्रस ऑक्साइड निघतो. युरिया ५ ते ७ सेंटिमीटर खोल पेरून द्यावा, दोन-तीन हप्त्यांत. नायट्रीकरण (अमोनियाचे नायट्रेट होणे) रोखणाऱ्या द्रव्याचा लेप असलेले खत मिळाल्यास उत्तम, पण मात्राच जास्त असेल तर लेप पुरत नाही.

भाताचे प्रकरण वेगळे. तिथे मुख्य प्रश्न मिथेनचा. पेंढा गाडून लगेच पाणी तुंबवले की त्यातला कर्ब मिथेन बनून वर येतो. लागवडीआधी किमान ३० दिवस, कोरड्या रानात गाडला तर हे बरेच कमी होते. पुढे पाणी आलटून-पालटून द्यावे: ३० सेंटिमीटरची नळी, खालच्या १५ सेंटिमीटरला भोके पाडून जमिनीत रोवायची, आतली पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेली की पुन्हा पाणी. लागवडीनंतरचे दोन आठवडे आणि फुलोऱ्याचा काळ मात्र पाणी हटवू नये. अशा शेतात युरिया पाणी सोडण्याच्या तोंडावर द्यावा. पाण्यासोबत तो मुळांपर्यंत उतरतो. ओल्या, सुकत चाललेल्या जमिनीवर दिला तर मिथेनमध्ये झालेली बचत नायट्रस ऑक्साइड खाऊन टाकतो.

आपला,
मृदाशास्त्राचा अभ्यासक