गाणाऱ्या माणसाचा चेहरा

ठाणे,
रविवार

प्रिय दिलीप,

सायलीने स्वतः बांधलेलं मालवणी गाणं रेकॉर्ड करायला घेतलंय हे वाचून फार आनंद झाला. पण त्याखाली तू लिहिलंयस, ‘म्युझिक व्हिडिओ आता बघतं कोण? त्यात पैसे घालू नकोस असं तूच सांग तिला.’ ते काही मी सांगणार नाही. का सांगणार नाही, ते फोनवर आटपण्यासारखं नाही म्हणून हे पत्र.

व्हिडिओंचा जमाना संपला असं वाटायला कारणं आहेत, मान्य. १९८१ च्या १ ऑगस्टला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं, दोन वर्षांनी मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ने गाण्याचा जवळजवळ चौदा मिनिटांचा सिनेमाच केला, आणि त्याच एमटीव्हीने २०२५ संपता संपता ब्रिटनमधल्या आपल्या गाण्यांच्या वाहिन्या बंद केल्या. पण ती त्यांची गोष्ट. त्यांच्याकडे गायक मुळातच लोकांसमोर उभा होता, व्हिडिओ ही त्याची जाहिरात होती.

आपल्याकडे गाणं कायम दिसत होतं, गाणारा मात्र दिसत नव्हता. दूरदर्शनवरचं छायागीत आठव, चित्रहार आठव. लताबाई, आशाबाई, रफीसाहेब घराघरात होते, पण पडद्यावर ओठ हलायचे ते नटनट्यांचे. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलं आणि सुरुवातीलाच भीमसेन जोशी स्वतः गाताना दिसले, तेव्हा आपण केवढे हरखलो होतो! गाणाऱ्याचं तोंड गाताना दिसणं हीच आपल्याला नवलाई होती.

म्हणून नव्वदीतल्या त्या सात-आठ वर्षांना मी इतका मान देतो. उपग्रह वाहिन्या आल्या, चॅनेल व्ही आणि एमटीव्हीला चोवीस तास दाखवायला गाणी हवी होती, आणि सिनेमाचा टेकू नसलेल्या गायकांना एकाएकी जागा मिळाली. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय ‘मेड इन इंडिया’त स्वतःच राजकन्या झाली. पुढच्या वर्षी लकी अली ‘ओ सनम’ म्हणत थेट इजिप्तच्या पिरॅमिडांपाशी दिसला. दलेर मेहंदीचं तर मला सगळ्यांत कौतुक. त्याची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे, अशी टीका होत होती. त्याने १९९८ मध्ये ‘तुनक तुनक तुन’ केलं आणि त्यात दुसरं माणूसच ठेवलं नाही. चार दलेर, चार रंगांचे पोशाख, मागे संगणकावर केलेली दृश्यं. याहून सरळ उत्तर कुठल्या गायकाने दिलं असेल असं मला वाटत नाही. आणि पुढे इंटरनेटवर ते जगभर फिरलं, पंजाबीचा एक शब्दही न कळणाऱ्या लोकांमध्ये.

शुभा मुद्गल यांचं ‘मन के मंजीरे’ सायलीला आवर्जून दाखव. नवऱ्याचा जाच सोडून बाहेर पडलेली आणि ट्रक चालवणारी बाई त्यात आहे. मीता वशिष्ठने ते काम केलंय. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने स्त्रियांवरच्या हिंसेच्या विरोधात तो अल्बम काढला होता. प्रसून जोशींचे शब्द, शांतनू मोईत्रांचं संगीत आणि तो भरदार, शास्त्रीय तालमीतला आवाज. चार-पाच मिनिटांत एका बाईचं आख्खं आयुष्य बदलताना दिसतं. सिनेमातल्या गाण्याला हे सहसा जमत नाही, कारण ते कथेतल्या नायक-नायिकेच्या दावणीला बांधलेलं असतं.

मराठीतही ‘गारवा’ आलं, वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचं ‘ऐका दाजिबा’ वरातीपर्यंत पोचलं.

मग ओहोटी लागली, आणि ती लोकांना कंटाळा आला म्हणून लागली असं मी मानत नाही. सिनेमावाल्यांनी आपल्या गाण्यांच्या जाहिरातींनी वाहिन्या व्यापल्या, नकली सीडी आणि एमपीथ्रीने कॅसेटचा धंदा बसवला, वाहिन्या गाणी सोडून रिअॅलिटी शोकडे वळल्या. त्यात रीमिक्स आलं. २००२ मधला ‘कांटा लगा’ घे. मूळ गाणं १९७२ च्या सिनेमातलं, लताबाईंचं. रीमिक्स आल्यावर देशाने व्हिडिओत नाचणाऱ्या शेफाली जरीवालाला ओळखलं, पण ते नव्याने कोण गायलं हे कुणी विचारलंसुद्धा नाही. गाणारा पुन्हा पडद्याआड गेला. मला त्याचंच वाईट वाटतं, त्या नाचाचं किंवा कपड्यांचं नव्हे.

आता फोनचं बघ. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि गावोगावच्या पोरांना वाहिनीच्या दारात उभं राहायची गरज उरली नाही. जळगावकडचा संजू राठोड, ‘गुलाबी साडी’ त्यानेच लिहिली, त्यानेच चाल लावली, तोच गायला आणि व्हिडिओत तोच उभा राहिला. २०२४ मध्ये ज्यांना मराठी येत नाही असे लोकही त्यावर नाचत होते. यातला गायक आपल्या डोळ्यांसमोर आहे, दिलीप. नव्वदीत जे मोजक्यांना मिळालं ते आज सायलीला मागता येतं.

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकते. रीलमध्ये गाण्याचा तेवढा एक तुकडा उरतो. ध्रुवपद ऐकून लोक पुढे सरकतात, अंतरा कुणी ऐकत नाही. म्हणूनच पूर्ण व्हिडिओ हवा. ज्याला तो तुकडा आवडेल त्याला आख्खं गाणं कुठेतरी सापडलं पाहिजे.

तेव्हा तिला माझ्याकडून एवढं सांग. पैशाचा मोठा भाग आवाजाच्या रेकॉर्डिंगवर घाल, चित्र जरा साधं असलं तरी चालतं. ड्रोनवर खर्च करू नको, सगळ्यांचे समुद्रकिनारे वरून सारखेच दिसतात. गाणं भातलावणीच्या दिवसांतलं आहे ना, मग तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढताना, शेतात खरी कामं चालू असताना शूट कर, गडनदीला पाणी चढलं की तेही घे. वहिनींना आणि शेजारच्या बायांना घे, भाड्याच्या नर्तिका नकोत. आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर राहू दे, निदान एक अंतरा तरी मध्ये न तोडता. गीत, संगीत, गायन म्हणून तिचं नाव सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत येऊ दे. कुठल्या कंपनीने हक्क मागितले तर सही करायच्या आधी मला कागद पाठवा, माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत.

लावणीला पंधरा-वीस दिवस असतील ना अजून? मी येतो. रिफ्लेक्टर धरायला माणूस लागतोच. वहिनींना नमस्कार, सायलीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक